कथालेखकाचं दप्तर कसं ठेवायचं

“ताई, प्रकाशक कसा मिळवायचा?” नव्यानं लिहिणाऱ्यांचा फोन आला की पहिला प्रश्न हाच. मी उलट विचारते, नोकरी काय करतोस? समोरचा खट्टू होतो. त्याला वाटतं, बाईंनी विषय टाळला. मराठीत कथा-कादंबरी लिहिणाऱ्याची कारकीर्द दोन गोष्टींवर टिकते: दर महिन्याला दुसरीकडून येणारा पगार आणि स्वतःच्या लेखनाचे जागच्या जागी ठेवलेले कागद. प्रतिभेचं तुमचं तुम्ही बघा, त्यात मला शिकवता येण्यासारखं फार काही नाही. कागदांचं येतं. मी सांगलीला जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात आहे. दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासते आणि उरलेल्या वेळात कथा लिहिते. दोन संग्रह आणि एक कादंबरी नावावर आहे. त्यामुळे पुढचं सगळं हिशेब तपासणाऱ्या बाईच्या नजरेनं लिहिलेलं आहे, तेवढं समजून घ्या.

आधी पगार

लेखनावर घर चालवायचं स्वप्न मराठीत बघू नका, असं मी स्पष्ट सांगते. आकडेच मांडते. तुमच्या कादंबरीची पहिली आवृत्ती ५०० प्रतींची, किंमत ३०० रुपये, स्वामित्वधन (रॉयल्टी) छापील किमतीच्या १० टक्के. शेवटची प्रत विकली जाईल तेव्हा तुमचे झाले १५,००० रुपये. आवृत्ती संपायला तीन वर्षं लागली तर वर्षाला ५,०००. कादंबरी लिहायला गेलेली वर्षं यात धरलेली नाहीत.

म्हणून आपल्याकडची मोठी नावं कुठे कुठे नोकरी करत लिहीत राहिली ते बघा. ‘ताम्रपट’साठी १९९९ साली साहित्य अकादमी मिळवणारे रंगनाथ पठारे संगमनेरच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होते. आसाराम लोमटे परभणीत राहून पत्रकारिता करतात. त्यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला २०१६ चा अकादमी पुरस्कार आहे. प्रवीण बांदेकर सावंतवाडीला इंग्रजीचे प्राध्यापक, कृष्णात खोत पन्हाळ्याला शिक्षक. जयंत पवारांचं आयुष्य वृत्तपत्रात गेलं. गोव्यात दामोदर मावजो कोकणीत लिहितात, त्यांना ज्ञानपीठ मिळालं, आणि त्यांनी माजोर्ड्याला घरचं दुकान सांभाळलं. भालचंद्र नेमाडेही इंग्रजी शिकवत राहिले. ‘कोसला’ १९६३ ची, ‘बिढार’ १९७५ ची, ‘झूल’ १९७९ ची आणि ‘हिंदू’ थेट २०१० ची. एकतीस वर्षं कादंबरी न छापण्याची चैन पगार असलेल्या माणसालाच परवडते.

नोकरी कोणती हे मात्र बघून घ्या. माझं मत असं की दिवसभर शब्दांशीच झटापट करायला लावणारी नोकरी कथालेखकाला महागात पडते. टीव्ही मालिका लिहिणारे माझे मित्र महिन्याला माझ्या दुप्पट-तिप्पट कमावतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, रोज एक भाग लिहून देणं येरागबाळ्याचं काम नाही. पण त्यांच्यातल्या बहुतेकांची शेवटची कथा मालिका सुरू होण्याआधीची आहे. शिवाय मालिकेसाठी लिहिलेलं सहसा लेखकाचं राहत नाही, वाहिनीचं किंवा निर्मात्याचं होतं. पत्रकारांना जयंत पवारांसारखं जमतं, नाही असं नाही. मला लेखाशीर्षांची नोकरी मानवली. संध्याकाळी फाईल बंद केली की ती डोक्यातून जाते.

सरकारी नोकरीत असाल तर दोन कायदे वाचून ठेवा. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ चे आहेत. अधूनमधून केलेल्या साहित्यिक, कलात्मक लेखनाला त्यांत मोकळीक आहे, पण शासनाच्या धोरणावर जाहीर टीका हे प्रकरण वेगळं. जिल्हा परिषदवाल्यांनी आपले नियम आस्थापनेतून मागून घ्यावेत; मी घेतले, आणि छायाप्रत घरी ठेवली. दुसरा कायदा कॉपीराइटचा, १९५७ चा. त्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला मालक, वेगळं काही ठरलं नसेल तर, नोकरी देणाराच असतो. म्हणून कथा कार्यालयाच्या संगणकावर, कार्यालयाच्या वेळात लिहू नका. वाद झालाच तर तारीख-वेळ तुमच्या बाजूनं बोलली पाहिजे.

वर्ष दिवाळीपासून उलटं मोजायचं

१९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचं आर्थिक वर्ष दिवाळीला संपतं. माझं वेळापत्रक असं बसतं. मार्चमध्ये एक अक्षर लिहीत नाही, कारण मार्च एंड. एप्रिल-मेमध्ये संपादकांची पत्रं, हल्ली व्हॉट्सअॅप, यायला लागतात. जून-जुलैत कथा द्यायची असते. ऑगस्टमध्ये पानं लागतात, सप्टेंबरात मुद्रितं, म्हणजे प्रूफं, येतात. तुम्हाला पत्र येत नसेल तर फेब्रुवारीतच तुम्ही पत्र लिहायचं.

कुणाला लिहायचं? आधी अंक वाचा. मौज, दीपावली, अक्षर, मुक्त शब्द, ऋतुरंग, पद्मगंधा, वाघूर यांच्या कथांची जात वेगवेगळी आहे. वाचनालयात मागच्या दोन-तीन वर्षांचे अंक काढून बसा आणि प्रत्येक अंकातल्या कथांची लांबी मोजा. एका अंकात कथा ३,००० शब्दांत आटोपते, दुसरा ८,००० शब्दांची दीर्घकथा निवांत छापतो. संपादकाला “माझी कथा छापाल का” असं विचारण्यात अर्थ नाही. “तुमच्या अंकात येतात त्या लांबीची, अमुक विषयावरची कथा तयार आहे, वाचायला पाठवू का” असं विचारा. उत्तर बहुधा येतं.

एक कथा एका वेळी एकाच संपादकाकडे. दोन अंकांत एकच कथा आली तर पुढची पाच-सात वर्षं दोन्ही दारं बंद होतात, आणि संपादक एकमेकांशी बोलतात. उत्तरासाठी मुदत मात्र तुम्ही घाला: “१५ जुलैपर्यंत कळवावं, नंतर मी कथा इतरत्र देईन.” यात उद्धटपणा काही नाही.

फाईल युनिकोडमध्येच पाठवा. अजूनही पुष्कळ अंकांची पानं श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत लागतात, त्यामुळे तुमची फाईल तिकडे रूपांतरित होते आणि त्या फेऱ्यात रफार, अर्धा र, जोडाक्षरं आणि अवतरणचिन्हं हमखास गळतात. पत्रात एक ओळ टाका की मुद्रितं मी तपासून देईन. पीडीएफ आली की पहिल्यांदा फक्त “ऱ्या” आणि “ऱ्हा” शोधत जा, दुसऱ्यांदा संवादांची चिन्हं, आणि तिसऱ्यांदा कथा म्हणून वाचा. “दुसऱ्या”चं “दुसया” झालेली कथा मी एका नामांकित अंकात वाचली आहे. वाचकाला वाटतं लेखकालाच लिहिता येत नाही.

आणि कथेसोबतच्या पत्रात हे वाक्य जसंच्या तसं घाला: “ही कथा आपल्या यंदाच्या दिवाळी अंकात एकदा छापण्यासाठी देत आहे. इतर सर्व हक्क माझ्याकडे राहतील. मानधन किती व केव्हा, ते कृपया कळवावे.” मानधनाचं विचारायला लाज वाटते म्हणणारे मला भेटतात. अंकवाले जाहिरातदाराकडे पैसे मागताना लाजत नाहीत. मला आजवर मिळालेली मानधनं काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत आहेत. काही दिवाळीआधी आली, काही पुढच्या गणपतीत, काही आलीच नाहीत. न देणाऱ्याशी मी भांडत नाही. नोंदवहीत त्या नावापुढे खूण करते आणि पुढच्या वर्षी कथा देत नाही.

ती नोंदवही म्हणजे दप्तराचं पहिलं पुस्तक. साधी आडवी वही पुरे, एक्सेलही चालेल. रकाने: कथेचं नाव, शब्दसंख्या, लिहून पूर्ण झाल्याची तारीख, कुणाला पाठवली, उत्तर, कुठे छापली, ठरलेलं मानधन, आलेलं मानधन, आल्याची तारीख, आणि शेवटचा रुंद रकाना “हक्क कुणाकडे”. छापलेल्या अंकाची एक प्रत कपाटात, तिच्यातल्या आपल्या पानांचं स्कॅन ईमेलवर. संग्रह काढताना “पूर्वप्रसिद्धी” द्यायची असते, तेव्हा या वहीशिवाय माणूस आठवत बसतो की ती कथा कोणत्या साली आली होती.

प्रकाशकाकडे जाताना

कथासंग्रहासाठी नऊ-दहा कथा चांगल्या अंकांत येऊन गेलेल्या असल्या की बोलणं सोपं होतं. कादंबरीला तो जामीन नसतो. तिच्यासाठी एक पानाचा सारांश, पहिली दोन प्रकरणं आणि चार ओळींचं स्वतःबद्दल, एवढंच पाठवा. चारशे पानांचं हस्तलिखित न विचारता कुरिअर करू नका.

पानांचा अंदाज घेऊन जा. डेमी आकाराच्या पानावर साधारण ३०० शब्द बसतात. म्हणजे ६०,००० शब्दांची कादंबरी २०० पानांची. पुस्तक १६ पानांच्या फर्म्यांत छापलं जातं, तेव्हा हे साडेबारा फर्मे झाले. नाव, अर्पणपत्रिका, कोरी पानं धरून तेरा. प्रकाशक मनातल्या मनात फर्मेच मोजत असतो. “कादंबरी तेरा फर्म्यांची होईल” असं लेखकानं म्हटलं की समोरच्याच्या बसण्यात फरक पडतो, हे मी बघितलंय.

कोणता प्रकाशक, याचं उत्तर प्रदर्शनात मिळतं. साहित्य संमेलनाला जाल तेव्हा मंडप सोडून ग्रंथप्रदर्शनात जा. २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीला ९८ वं संमेलन झालं. अध्यक्ष ताराबाई भवाळकर आमच्या सांगलीच्या, त्यामुळे इकडे वातावरण भारलेलं होतं. भाषणं मी मोबाईलवर ऐकली. पण नव्या लेखकाला भाषणापेक्षा स्टॉल जास्त शिकवतो. प्रकाशकाच्या टेबलावर गेल्या तीन वर्षांतली कथा-कादंबरी किती, तिची दुसरी आवृत्ती निघालीय का, बांधणी उघडल्यावर पानं सुटतात का, विकणाऱ्या मुलाला पुस्तकाबद्दल काही सांगता येतं का, एवढं बघा.

“लेखकानं थोडा हातभार लावायचा असतो,” असं कुणी म्हणालं की घाईत हो किंवा नाही म्हणू नका. हिशेब मागा. फर्मे किती, कागद किती ग्रॅमचा, प्रती किती, डीटीपी (अक्षरजुळणी), मुखपृष्ठ, छपाई, बांधणी वेगवेगळं लिहून द्या म्हणावं. स्थानिक छापखान्यातून तेच दरपत्रक तुम्ही आणा. पैसे तुमचे आणि हक्क त्यांचे, असा व्यवहार करू नका. पैसे तुम्हीच घालणार असाल तर स्वतःच प्रकाशक व्हा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, मोफत मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीच्या संकेतस्थळावर नोंदणी करून अर्ज करायचा. तेरा आकडी क्रमांक येतो, भारतातला ९७८-८१ किंवा ९७८-९३ नं सुरू होणारा. पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा, तिच्यातून पुढे नावारूपाला आलेले लेखक आहेत. स्वतः प्रकाशक झालात की एक जबाबदारीही येते: १९५४ च्या कायद्यानुसार पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चानं पाठवायच्या. टपालाच्या पावत्या दप्तरात.

करार

इथे मी जरा रेंगाळणार आहे. मराठीत अर्धे व्यवहार चहावर होतात. “आपलं काय, घरचंच आहे,” असं म्हणून एक छापील फॉर्म पुढे येतो आणि लेखक, पुस्तक निघतंय या आनंदात, सही करतो. ती सही कधी कधी मुलाबाळांच्या काळापर्यंत पुरते.

कॉपीराइट कायद्याची १८ आणि १९ ही दोन कलमं एकदा वाचा, इंग्रजी जड वाटलं तर वकील मैत्रिणीला घेऊन बसा. सार असं. हक्क देणं लेखी आणि तुमच्या सहीनंच होतं, तोंडी होत नाही. त्या कागदात कोणतं पुस्तक, कोणते हक्क, किती वर्षांसाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती, हे सगळं यायला हवं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन प्रकाशकानं वर्षभर काहीच केलं नाही तर, करारात वेगळं म्हटलेलं नसल्यास, ते हक्क परत येतात. आणि करार झाला त्या वेळी जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं त्याचे हक्क, स्पष्ट उल्लेख नसेल तर, दिले गेले असं होत नाही.

कायदा लेखकाच्या बाजूचा आहे, बघा. म्हणून तर छापील फॉर्मात “सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी, जगभर” हे शब्द असतात. कायद्यानं दिलेलं ते चार शब्दांत काढून घेतात. त्यावर रेघ मारायची आणि वर लिहायचं: “फक्त मराठी छापील आवृत्ती, भारतात, पाच वर्षे.” शेजारी दोघांच्या सह्या. ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, नाटक-चित्रपट-मालिका हे वेगळे व्यवहार आहेत. प्रकाशकाला त्यांपैकी एखादा हवा असेल तर त्या एकाचं वेगळं बोला. चांगले प्रकाशक यावर नाराज होत नाहीत. जो होतो त्यानं तुमचं काम वाचवलं.

मग टक्का. “१० टक्के” ऐकून खूश होऊ नका. कशाचे १० टक्के, ते विचारा. ३०० रुपयांचं पुस्तक विक्रेत्याला ४० टक्के सवलतीनं गेलं तर प्रकाशकाच्या हातात १८० येतात. छापील किमतीवर तुम्हाला प्रतीमागे ३० रुपये, निव्वळ रकमेवर १८. पाचशे प्रतींत ६,००० रुपयांचा फरक. रक्कम लहान आहे हे मला मान्य, पण बिल तपासणारी आहे मी, पाया कोणता हे लिहिलेलं नसेल तर आम्ही बिल परत पाठवतो.

आणखी काही कलमं मी आग्रहानं घालून घेते. प्रत्येक आवृत्तीत प्रती किती छापल्या ते पुस्तकात छापायचं. दर वर्षी ३० जूनपर्यंत विक्रीचं लेखी विवरण द्यायचं: सुरुवातीचा साठा, छापलेल्या, विकलेल्या, भेट-परीक्षणासाठी गेलेल्या, शिल्लक. पुस्तक सहा महिने बाजारात नसेल आणि लेखी विचारूनही नवी आवृत्ती निघाली नाही तर हक्क आपोआप परत. लेखकाला भेटप्रती किती, आणि पुढच्या प्रती कोणत्या सवलतीनं. संपादन करताना केलेले बदल लेखकाला दाखवल्याशिवाय छापायचे नाहीत. या शेवटच्यासाठी कायद्यात ५७ वं कलमही आहे: हक्क विकले तरी लेखक म्हणून तुमचं नाव लागणं आणि तुमच्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी लेखनाची मोडतोड न होणं, हे तुमच्याकडेच राहतं.

माझ्या एका पुस्तकाचं विवरण कधीच आलं नाही. नाव घेत नाही. मी दर जुलैला रजिस्टर पत्र टाकत होते, पोच दप्तरात लावत होते. कराराची मुदत संपली त्या दिवशी ते सगळे कागद पुढे ठेवून हक्क परत मागितले आणि मिळाले. पत्रं नसती तर नुसता वाद झाला असता.

पुस्तक आल्यावर

प्रकाशन समारंभ करा, करू नका, तुमची हौस. मला विचाराल तर त्या खर्चात पन्नास प्रती वाचनालयांना जातात. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत, अ, ब, क, ड अशा वर्गांत, आणि मराठी कादंबरीचं मोठं गिऱ्हाईक तीच. त्यांचं अनुदान हातात पडलं की खरेदी उरकायची असते, म्हणजे पुन्हा मार्च एंड. जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात प्रकाशकाचा स्टॉल आहे का बघा. ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य ग्रंथांच्या यादीसाठी पुस्तक पाठवलं का, हे प्रकाशकाला विचारा. विचारलं नाही तर राहून जातं.

पुरस्कारांच्या बाबतीत एकच गोष्ट हिशेबाची आहे: प्रथमावृत्तीची तारीख. राज्य शासनाचे वाङ्मय पुरस्कार कॅलेंडर वर्षाच्या पहिल्या आवृत्तीला असतात, आणि पहिल्या प्रकाशनासाठी वेगळा गट असतो, जो आयुष्यात एकदाच मिळतो. २८ डिसेंबरला निघालेलं पुस्तक चार दिवसांत मागच्या वर्षाचं होतं, आणि प्रवेशिका भरायला हातात जेमतेम काही आठवडे उरतात. प्रकाशकाला सांगून ते जानेवारीत ढकला. साहित्य अकादमीचा मुख्य पुरस्कार, एक लाख रुपयांचा, पाच वर्षांच्या खिडकीतून बघतो. २०२३ च्या पुरस्कारासाठी २०१७ ते २०२१ मधली पुस्तकं धरली होती. म्हणून तिथे धीर धरावा. युवा पुरस्कार ५० हजारांचा आणि त्याला पुरस्कारवर्षाच्या १ जानेवारीला वय ३५ किंवा कमी लागतं. २०२१ चा मराठीतला युवा पुरस्कार प्रणव सखदेवांच्या ‘काळेकरडे स्ट्रोक्स’ला मिळाला. कादंबरी लिहून झाली असेल आणि तुम्ही तेहतीस-चौतीसचे असाल, तर हस्तलिखित आणखी दोन वर्षं मुरवत ठेवण्याआधी जन्मतारीख बघा.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर पुस्तकाबद्दल लिहा, पण रोज नको. एवढंच.

अनुवादाचा फोन बहुधा अनपेक्षित येतो. २०२२ साली हिंदीतल्या गीतांजली श्रींच्या आणि २०२५ साली कन्नडमधल्या बानू मुश्ताकांच्या पुस्तकाला आंतरराष्ट्रीय बुकर मिळाल्यापासून भारतीय भाषांकडे बघणारे वाढलेत. तिथे पारितोषिकाचे ५०,००० पौंड लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मे-निम्मे होतात. हे लक्षात ठेवा आणि अनुवादकाला मदतनीस समजू नका. त्याचं नाव मुखपृष्ठावर हवं असा आग्रह तुम्हीच धरा. अनुवादाचे हक्क भाषेगणिक आणि मुदतीनं द्या. “सर्व भारतीय भाषा” असं कुणी मागितलं तर त्याच्याकडे प्रत्यक्षात किती भाषांतले अनुवादक आहेत ते विचारा.

ऑडिओचंही तसंच. स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकवणारं अॅप २०१७ साली भारतात आलं ते मराठीसकट, आणि त्यानंतर कपाटात पडून असलेल्या कादंबऱ्यांना नवा श्रोता मिळाला. ज्यांनी कागदावर ऑडिओचे हक्क राखले होते त्यांनी तो व्यवहार स्वतः केला.

चित्रपटवाल्यांना हक्क देताना मुदत घालाच. मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’वर २००८ साली हिंदीत चित्रपट झाला आणि नंतर सुजय डहाकेंनी मराठीत केला. एकाच कादंबरीवर दोन चित्रपट निघू शकतात, हे सही करताना डोळ्यांपुढे ठेवावं. “आम्हाला कथा फार आवडली, नुसतं एक ना-हरकत पत्र द्या” म्हणणाऱ्याला ते देऊ नका. ठरावीक रक्कम, बारा किंवा अठरा महिने, त्यात काम सुरू झालं नाही तर हक्क परत, असा कागद करा. पटकथा तुम्हीच लिहिणार असाल तर मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद होऊन ती तिथे नोंदवा, नंतरच दाखवा.

आयकराचं पुष्कळांना ठाऊक नसतं. जुन्या करपद्धतीत साहित्यिक पुस्तकाच्या स्वामित्वधनावर ३ लाखांपर्यंत वजावट आहे; १९६१ च्या कायद्यात ती ८०क्यूक्यूबी कलमाखाली होती. त्यासाठी प्रकाशकाकडून एक फॉर्म भरून घ्यावा लागतो, १९६१ च्या कायद्यात तो १०सीसीडी होता. नव्या करपद्धतीत ही वजावट नाही. दिवाळी अंकाचं मानधन यात बसत नाही, कारण नियतकालिकं तिथे वगळलेली आहेत. ते इतर उत्पन्नात दाखवायचं. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यानं कलमांचे आकडे बदललेत, तेव्हा सीएला आकडा न सांगता “लेखकाच्या स्वामित्वधनाची वजावट” असं सांगा. प्रकाशकानं टीडीएस कापला असेल तर तो आयकर खात्याच्या, तुमच्या नावावरच्या कापलेल्या कराच्या नोंदपत्रात (१९६१ च्या कायद्यातलं २६एएस) दिसतो. विवरण न देणाऱ्याची विक्री किती, याचा अंदाज कधी कधी तिथूनच लागतो.

दप्तरातला शेवटचा कागद मृत्युपत्राचा. लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांची पुस्तकं २०११ पासून कुणालाही छापता येतात आणि ‘श्यामची आई’च्या इतक्या वेगवेगळ्या आवृत्त्या दुकानात दिसतात. तोवरच्या काळात तीन भावंडांपैकी एकाची सही मिळत नाही म्हणून पुस्तक अडकून राहतं. घर आणि दागिन्यांबरोबर एक परिच्छेद लेखनाचा घाला: पुस्तकांची आणि असंग्रहित कथांची नावं, हक्क कुणाला, आणि छापायचं की नाही हे ठरवणारी व्यक्ती एकच. ती घरातलीच हवी असं नाही. माझ्या बाबतीत ती माझी भाची आहे, बँकेत असते, कथा वाचत नाही, पण कागद जपते. नोंदवही कुठल्या कपाटात आहे आणि ईमेलचा पासवर्ड काय, ते तिला लिहून दिलंय.